इंग्रजी क्रियापदं पाठ आहेत तरी वाक्याचा अर्थ लागत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की "अर्थ लागत नाही". आता या 'लागणे'कडेच जरा बघा. भूक लागते, ठेच लागते, ठाण्याहून दादरला यायला वेळ लागतो, म्हाडाच्या लॉटरीत नंबर लागतो, डोळा लागतो, बाळ रडू लागतं. एखाद्या अमराठी माणसाने लागणे म्हणजे टच होणे एवढंच पाठ केलं तर त्याला यातलं काय कळणार? आपलं गेट, टेक, पुटच्या बाबतीत अगदी हेच होतं.

मी लालबागला मराठी मिडीयममधे शिकलो, पुट म्हणजे ठेवणे असं घोकलेलं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मेल आला की मीटिंग सोमवारपर्यंत पुट ऑफ केलीय, मला वाटलं ऑफ म्हणजे बंद म्हणजे रद्दच झाली असणार, आणि सोमवारी काहीही तयारी न करता ऑफिसला गेलो, फार वाईट वाटलं होतं तेव्हा. रद्द करणं म्हणजे कॉल ऑफ, पुढे ढकलणं म्हणजे पुट ऑफ, आणि पुट अप विथ म्हणजे तर सहन करणं. पण हे आपल्याला नवीन नाहीये हो, 'करून टाक', 'करून बघ', 'काय करून बसलास' यात टाकणं बघणं बसणं तरी कुठे असतं?

म्हणून क्रियापदाच्या पुढे काय आलंय ते बघायची सवय लावा. गेटपुढे वस्तू आली तर बहुतेक वेळा मिळणे किंवा आणणे, गेट अ सीट म्हणजे बसायला जागा मिळणे. पुढे विशेषण आलं तर होणे, गेट टायर्ड म्हणजे दमणे. ठिकाण आलं तर पोचणे, गेट होम, गेट टू अंधेरी. एवढ्यावर गेटची बरीचशी वाक्यं सुटतात, खरंच.

बोरो आणि लेंडमधे पण आपली लोकं खूप अडकतात, कारण आपण दोन्हीकडे 'उसने' म्हणतो, तर घेणारा बोरो करतो आणि देणारा लेंड.

वहीत सुटा शब्द लिहूच नका, अख्खं वाक्य लिहा आणि ते पण तुमच्या रोजच्यातलं. आणि इंग्रजी-मराठी शब्दकोशापेक्षा ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी वापरा, नेटवर फुकट बघता येते, बहुतेक अर्थांखाली वाक्यं दिलेली असतात. आधी ती वाक्यं वाचा, व्याख्या नंतर.