मावशींचे गुडघे आणि तुझे पेले

बाळा,

परवा डायलिसिसच्या मशीनवर दोन तास झाले आणि तुझ्या पोटऱ्यांत गोळे आले. मी पलीकडच्याच खाटेवर होते. तू दात आवळून छताकडे बघत पडलास, कुणाला हाक मारली नाहीस. रात्री मेसेज आला, 'काकू, तुमचं ते मैत्रीचं, सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान शिकवा, दुखणं तरी कमी होईल.' हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

आधी कडू ते सांगते. यानं रक्तात साठलेलं क्रिएटिनिन उतरत नाही. विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी रंगूनला ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशीला कंटाळून. मॉर्फिनपर्यंत पाळी आली होती. गुरूंनी साफ सांगितलं, नुसत्या डोकेदुखीसाठी यायचं असेल तर येऊ नका. १९५५ साली ते पहिल्यांदा बसले ते डोकेदुखी बाजूला ठेवूनच. तूही पोटऱ्यांतल्या गोळ्यांसाठी ध्यानाला बसू नकोस. गोळे आले की टेक्निशियनला ओरडून बोलव. 'सर्वांचं मंगल होवो' पुटपुटत सोसत राहणं हा निव्वळ अडाणीपणा.

आता ध्यान. विशुद्धिमार्ग या जुन्या बौद्ध ग्रंथात बुद्धघोषांनी क्रम दिलाय, कुणाचं भलं कधी चिंतायचं त्याचा: आधी स्वतः, मग आपली आदराची-मायेची माणसं, मग ज्याच्याशी ना राग ना लोभ असा कुणी, वैरी शेवटी. मी पहिल्याच पायरीवर अडकले. 'मी सुखी होवो' म्हणायचं आणि आरशातला सुजलेला चेहरा आठवायचा. ज्या शरीरावर दिवसभर चरफडायचं, त्यालाच आशीर्वाद कुठून देणार? चार-पाच महिने तोंडानं म्हणत राहिले, आत काही नाही.

शेवटी क्रम मोडला. आपल्या वॉर्डात फरशी पुसायला येतात त्या मावशी. मला तेव्हा त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. झोपलेल्यांना जाग येऊ नये म्हणून त्या स्टूल सरकवत नाहीत, उचलून ठेवतात. 'या बाईचे गुडघे आज दुखू नयेत.' एवढंच म्हणायचे, आणि ते खरं असायचं. स्वतःच्या हातापर्यंत पोचायला त्यानंतर महिनाभर लागला.

तूही हातापासून सुरुवात कर, म्हणजे फिस्टुल्यापासून, सुया टोचण्यासाठी शीर जोडून केलेल्या त्या जागेपासून. रोज सकाळी तिथली थ्रिल, रक्ताची ती थरथर, बोटांनी तपासतोसच ना? मांडीवरचं मांजर घुरघुरतं तशी लागते ती. लागली की बोटं लगेच उचलू नकोस, दहा-बारा श्वास तिथेच राहू दे. 'आठवड्याला सहा सुया सोसतोस बाबा, नीट राहा.' त्यासाठी पाली भाषा यायला हवी असं काही नाही.

महावग्ग या बौद्ध ग्रंथातली एक हकिगत मात्र तुला सांगायचीच आहे. एक भिक्खू पोटाच्या विकारानं स्वतःच्याच घाणीत पडला होता. भगवान बुद्धांनी विचारलं, तुझं करायला कुणी नाही? तो म्हणाला, मी भिक्खूंच्या काही कामी येत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. पालीत शब्द आहे 'अकारक', काही न करणारा. नोकरी सुटल्यापासून तू 'घरात नुसता बसून खातो' म्हणतोस, तेच हे. भगवंतांनी त्याची समजूत काढली नाही. आपला शिष्य आनंद याला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं अंग धुतलं, आणि एकानं डोक्याकडून, एकानं पायांकडून धरून त्याला खाटेवर निजवलं. मग इतर भिक्खूंना म्हणाले, ज्याला माझी सेवा करायची त्यानं आजाऱ्याची करावी.

तिथेच त्यांनी आजाऱ्यानं कसं असावं तेही सांगितलंय, आणि ते सहसा कुणी वाचून दाखवत नाही. औषध घ्यावं, पथ्याचं प्रमाण ओळखावं, आणि दुखणं जसं असेल तसं, खरं सांगावं.

म्हणून विचारते. परवा तुझं वजन साडेचार किलोनं वाढलेलं होतं आणि तू म्हणालास, एवढं पाणी प्यालोच नाही. तुझी आई बाहेर बाकावर बसून वहीत तुझे पाण्याचे पेले लिहीत असते. दिवसा तिला फसवायचं आणि रात्री डोळे मिटून तिच्याविषयी मैत्री भावायची, हे जमत नाही. मी करून पाहिलंय. लपून नारळपाणी प्यायले होते, पोटॅशियम चढलं, आणि आमच्या ह्यांना मध्यरात्री रिक्षा शोधत धावावं लागलं. त्या रात्रीनंतर कितीतरी दिवस ह्यांच्यासाठी बसले की मनात फक्त ते शहाळंच यायचं. सांगून टाकलं तेव्हा सुटले.

शनिवारी मी खिडकीकडच्या खाटेवर आहे. येताना आईची वही घेऊन ये. आणि मावशींचं नाव आता मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही, तूच विचार.

तुझी,
काकू