पहिली बाइक जुनी घ्यायची तर: आरएक्स १०० की युनिकॉर्न?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. हिंजवडीत नोकरी लागली आहे, राहायला कोथरूडला, आजवर फक्त आईची ॲक्टिव्हा चालवली आहे. हातात ४५ हजार आहेत आणि दोन गाड्या बघून ठेवल्या आहेत. एक १९९४ ची यामाहा आरएक्स १००, नवा रंग मारलेली, विकणारा म्हणतो, "पेपर क्लिअर आहेत, नावावर नंतर करून देतो." दुसरी २०१२ ची होंडा युनिकॉर्न, सेकंड ओनर, एमएच १२, दिसायला अगदीच साधी. मन आरएक्सवर बसलंय. बाबा म्हणतात, कशाला भानगडी, हप्त्यावर नवी स्कूटर घे.

युनिकॉर्न बघायला जा. आरएक्स सोडा, निदान पहिली गाडी म्हणून तरी.

आरएक्सप्रेमी आता माझ्यावर तुटून पडतील, पडू देत. गाडी झकास आहे, त्यात वाद नाही. पण तिचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. आज जी मिळते ती कुठून कुठून जमवलेली असते: टाकी एकीची, इंजिन दुसरीचं, वायरिंग कोणा भाऊने घरी बसून केलेलं. भाव ठरतो तो हौशीवर, गाडीच्या तब्येतीवर नाही. नाना पेठेत पार्ट मिळतात, पण त्यातला ओरिजिनल कुठला आणि डुप्लिकेट कुठला हे ओळखायला नजर लागते. आणि खरी अडचण वेगळीच आहे. नवशिक्या माणसाची गाडी वाकडच्या पुलाखाली तीनदा बंद पडली, तर क्लच आपण चुकीचा सोडला की कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, हे त्याला कळत नाही. पहिली गाडी अशी हवी की गडबड झाली तर चूक आपलीच आहे हे नव्वद टक्के खात्रीने सांगता यावं. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटचंही तेच, शिवाय तिचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. शिकायच्या वयात ते नकोच.

म्हणून कंटाळवाणी, गल्लोगल्ली दिसणारी, कुठल्याही चौकातल्या मेकॅनिकच्या हाताखालून शंभरदा गेलेली गाडी घ्या. युनिकॉर्न त्यात बसते. स्प्लेंडर, शाइन, जुनी पल्सर १५० याही बसतात. पल्सर मात्र कोणाची होती ते विचारा, कॉलेजच्या पोरांनी पिळलेल्या फार असतात.

आता कागद. गाडी बघण्याआधी कागद बघा, कारण एकदा गाडी आवडली की माणूस कागदांकडे डोळेझाक करतो.

आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, "नोंदणी वैध" अशी तारीख असते. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९४ च्या आरएक्सचं २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असं चारदा झालेलं असलं पाहिजे, म्हणजे आरसीवर आज २०२९ दिसायला हवं. उलटून गेलेली तारीख दिसली तर "पेपर क्लिअर" या शब्दांना काही अर्थ नाही. ती गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदेशीर. युनिकॉर्नचीही १५ वर्षं २०२७ मध्ये भरतात हे विसरू नका. तेव्हा गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागेल, नूतनीकरणाची फी (१ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाली) आणि वर पर्यावरण कर. हा खर्च आणि हेलपाटा भाव करताना मोजून दाखवा. विकणाऱ्याला तो माहीत असतोच, फक्त तुम्हाला माहीत आहे हे त्याला माहीत नसतं.

आरसीवरचा चेसिस नंबर हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. तिथली धूळ फडक्याने पुसा आणि एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. आकडे वेडेवाकडे, खोलवर घासलेले किंवा नव्या रंगाखाली गाडलेले दिसले तर चहासुद्धा न घेता निघा. इंजिन नंबरही तसाच जुळवा. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर आरसीवर एचपी (गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद) चढलेली असते. ती उतरवल्याचं फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडीचा नंबर टाकून जुनी ई-चलानं बघा, ती विकणाऱ्याने भरायची. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरची) पाटी लागते, ती बसवलेली आहे का तेही बघा.

"नावावर नंतर करू" हे वाक्य ऐकलं की बोलणी तिथेच संपवा. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची असते. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या पैसे देतानाच घ्या. हल्ली यातलं बरंच काम ऑनलाइन होतं आणि त्यात विकणाऱ्याच्या मोबाईलवरचा ओटीपी लागतो, म्हणून तो समोर बसलेला असतानाच अर्ज भरा. नंतर माणूस फोन उचलत नाही. गंमत म्हणजे घाई त्यालाच हवी: अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. हे त्याला शांतपणे सांगा, पेन लगेच सापडतं. डिलिव्हरी नोटवर (गाडी ताब्यात दिल्याच्या चिठ्ठीवर) तारीख लिहाच, पण वेळही लिहा. त्या दुपारी सिग्नल तोडला कोणी, यावरून पुढे भांडण नको. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, संपलेला असेल तर किमान थर्ड पार्टी काढूनच गाडी घरी आणा.

आता गाडी. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी सकाळी येतोय, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर समजा की थंड इंजिन सहज सुरू होत नाही आणि ते तुम्हाला दिसू नये म्हणून खटाटोप झालाय. तेव्हा गप्पा मारत तासभर थांबा. थंड इंजिन चोक ओढून एक-दोन प्रयत्नांत सुरू व्हायला हवं. सायलेन्सरच्या मागे उभे राहा. निळसर धूर सारखा येत असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा वॉल्व्हची सीलं गेली. ते काम हजारांत जातं. काळा धूर हे कार्बोरेटरचं दुखणं, तुलनेने स्वस्त. इंजिनच्या डोक्यातून बारीक टकटक येते ती टॅपेटची, तिला घाबरू नका. बाजूने साखळी घासल्यासारखी खरखर आली तर इंजिनातली टायमिंग चेन गेली समजा.

मागच्या स्प्रॉकेटवरची (दातेरी चाकावरची) चेन बोटांनी मागे ओढा. दात अर्ध्याहून जास्त उघडे पडले किंवा टोकं वाकलेली दिसली तर चेन सेट बदलायचाच. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल हळूच फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. शॉकअपच्या नळ्यांवर ऑइलचा ओलावा आहे का, बघा. टायरवर चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान असो, इतका जुना टायर पावसात घसरतो.

पुण्यात एक तपासणी जास्तीची. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याच्या पुरात आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. धुऊन-पुसून अशा गाड्या बाजारात येतात. सीट काढून बॅटरीखालच्या कोपऱ्यात बोट फिरवा, वाळलेला गाळ तिथे राहतोच. स्पीडोमीटरच्या काचेत आतून धुकं, वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट बुरशी, तेलाच्या कांडीवर दुधट रंग: यातलं एक जरी दिसलं तरी मेकॅनिक सोबत असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टेस्ट राइडला चांदणी चौकाचा चढ उत्तम. तिसऱ्या-चौथ्या गियरला थ्रॉटल द्या. आवाज वाढतोय आणि गाडी मात्र वाढत नाही असं झालं तर क्लच प्लेटा संपल्या. पण ही राइड अनुभवी माणसाला करू द्या. ॲक्टिव्हाचं बिनगियरचं लायसन्स इथे चालत नाही. तुमच्या लायसन्सवर गियरच्या दुचाकीची नोंद नसेल तर लर्निंगचा अर्ज याच आठवड्यात टाका.

पैशांचं असं करा. ४५ पैकी गाडीला ३३-३४ च्या वर जाऊ नका. उरलेल्यात नावावर करणं, विमा, ऑइल, ब्रेक शू, लागलाच तर टायर, आणि आयएसआयचं चांगलं हेल्मेट. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेऊन त्याच्या हातावर चारशे-पाचशे ठेवा. तो काढेल ती प्रत्येक खोट भावातून वजा होते, त्यामुळे ते पैसे तिथेच वसूल होतात. विसार द्यायचा तर पावती घेऊन, आणि "नोंदणी, एचपी किंवा चलानात घोळ निघाल्यास परत" असं त्यावर लिहून.

बाबांनाही सोबत न्या. विकणारा वडीलधाऱ्या माणसासमोर जरा कमी फेकतो, आणि हप्त्यांचा विषयही बहुधा परतीच्या वाटेवर मिटेल. युनिकॉर्नच्या आरसीवरची तारीख आणि सीटखालचा फोटो इथे टाकलात तर बघून सांगतो.