गॉल: आधी तट चढा, मग गल्ल्या

श्रीलंकेतलं गॉल कोलंबोहून एका दिवसात उरकेल का आणि किल्ल्यात कॅफे सोडून बघण्यासारखं काय आहे, असं विचारलंय तुम्ही. उरकेल, पण एक रात्र राहाच. दिवसाच्या सहलीवाले भर उन्हात तटावर भाजून निघतात आणि वारा सुटायच्या वेळी परतीची गाडी पकडतात.

पोर्तुगीजांची इथली गढी डचांनी 1640 मध्ये घेतली. सगळा डोळा दालचिनीच्या व्यापारावर. आजचा भक्कम तट त्यांचाच. वर गेलात की बुरुजांची तोंडं बघा. सूर्य, चंद्र आणि तारा हे तिन्ही दांडगे बुरूज जमिनीकडे रोखलेले आहेत. समुद्राच्या अंगाला खडकांचा पहारा होताच. सिंधुदुर्ग पाहिलेल्याला हे सांगायला नको.

जुन्या दरवाजाशी मात्र थांबा. बाहेरच्या बाजूला ब्रिटिश राजचिन्ह आहे. आत शिरून मागे वळलं की डच ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा दिसते: 1669 साल, दोन बाजूंना सिंह आणि वर चक्क कोंबडा! 1796 मध्ये इंग्रज आले, पण आतला कोंबडा त्यांनी राहू दिला.

1755 च्या डच चर्चमध्ये फरशीतच थडग्यांच्या शिळा बसवल्यात, काहींवर कवट्या कोरलेल्या. दीपगृहासमोरची पांढरी मशीद लांबून चर्चच वाटते. भरतीच्या पाण्याने धुऊन निघतील अशी गटारं डचांनी गावाखाली बांधली होती, हे गल्ल्यांतून फिरताना ध्यानात असू द्या. संग्रहालयं वेळ उरला तर.

हे सगळं टिकलं कसं? माझ्या मते धंदा गेला म्हणून. 1880 च्या दशकात कोलंबोचं बंदर सजलं, मोठी जहाजं तिकडे वळली आणि गॉलमध्ये जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. जागतिक वारशाचा शिक्का 1988 चा. 2004 च्या त्सुनामीत तटाबाहेरचं गाव आणि क्रिकेटचं मैदान उद्ध्वस्त झालं. आतल्या वस्तीला तटाने बरंच वाचवलं.

अवांतर: तेच मैदान तटावरून समोर दिसतं. मुरलीधरनने 800 वा बळी तिथेच घेतला, जुलै 2010 मध्ये, तोही आपल्याच प्रज्ञान ओझाचा.

आगगाडीने जाणार असाल तर कोलंबो फोर्टहून जाताना उजवीकडची खिडकी धरा. समुद्र त्याच बाजूला आहे.