फेरनिवडणुकीपूर्वीचे नेत्याचे अग्रक्रम : एका तरुण अभ्यासकास पत्र

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय विद्यार्थिमित्रास,

अनेक शुभाशीर्वाद.

तुझे टिपण काळजीपूर्वक वाचले. स्पेनमधील २०१९ ची दुसरी सार्वत्रिक निवडणूक हा विषय तू एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी निवडलास, याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडे निवडणुकीचा अभ्यास बहुधा जात, पैसा आणि लाट यांपाशीच थांबतो. निकाल लागूनही सरकार स्थापन होत नसेल तर पंतप्रधानाने मधल्या काळात कशाला प्राधान्य द्यावे, हा प्रश्न फारसा कोणी हाती घेत नाही. मात्र टिपणात तू स्पेनचे तेव्हाचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांचे अग्रक्रम त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यातून उचलून एकाखाली एक मांडले आहेस, आणि ही पद्धत मला पुरेशी वाटत नाही. जाहीरनामा पहिल्या निवडणुकीतही होता. दुसऱ्या वेळी मतदारांसमोर जाताना नेता कोणाशी बोलणी चालू ठेवतो, कोणाशी तोडतो आणि हंगामी सत्तेचा वापर किती संयमाने करतो, यावरून त्याला खरोखर काय महत्त्वाचे वाटते हे कळते.

सुरुवात आकड्यांपासून कर. ३५० सदस्यांच्या सभागृहात बहुमतासाठी १७६ जागा लागतात. २८ एप्रिल २०१९ रोजी सांचेझ यांच्या समाजवादी पक्षाला १२३ आणि डाव्या पोदेमोस आघाडीला ४२ जागा मिळाल्या. दोघे एकत्र आले तरी बेरीज १६५ च होत होती, म्हणजे तिसऱ्या कोणाचा तरी पाठिंबा किंवा निदान तटस्थता अपरिहार्य होती. जुलैमध्ये वाटाघाटी झाल्या. सांचेझ यांच्या आग्रहामुळे पोदेमोसचे नेते पाब्लो इग्लेसियस यांनी स्वतःचा मंत्रिमंडळावरील दावा सोडला, समाजवादी पक्षाने एक उपपंतप्रधानपद आणि तीन खाती देऊ केली, पोदेमोसने ती अपुरी ठरवली आणि २३ व २५ जुलैच्या दोन्ही मतदानांत सांचेझ यांचा प्रस्ताव फेटाळला गेला. तेथील संविधानाच्या ९९ व्या कलमानुसार पहिल्या मतदानापासून दोन महिन्यांत पंतप्रधान निवडला गेला नाही तर संसद विसर्जित होते. तशी ती सप्टेंबरमध्ये झाली आणि १० नोव्हेंबरला पुन्हा मतदान ठरले.

आता यानंतरचे सात आठवडे बारकाईने पाहा, कारण तुझ्या प्रबंधिकेचा गाभा तेथेच आहे. पोदेमोसचे मंत्री मंत्रिमंडळात असते तर मला रात्री झोप लागली नसती, अशा अर्थाचे विधान सांचेझ यांनी सप्टेंबरमध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत केले. १४ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने स्पेनच्या कॅटालोनिया प्रदेशातील नऊ स्वातंत्र्यवादी नेत्यांना स्वातंत्र्याच्या सार्वमत प्रकरणी नऊ ते तेरा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली, बार्सिलोनाच्या रस्त्यांवर उद्रेक झाला आणि पंतप्रधानांची भाषा आणखी कठोर झाली. मतदानाच्या आठवड्यातील वादसभेत त्यांनी बेकायदा सार्वमत घेणे हा पुन्हा फौजदारी गुन्हा ठरवण्याचे आश्वासन दिले. मध्यममार्गी मतदार आपल्याकडे वळावा आणि एकट्याच्या बळावर सरकार चालवता यावे, हाच त्या आठवड्यांतला त्यांचा प्रत्यक्ष अग्रक्रम होता, असे माझे मत आहे.

मतदारांनी तो कौल दिला नाही. समाजवादी पक्षाच्या जागा १२३ वरून १२० झाल्या, पोदेमोसच्या ३५ झाल्या, अतिउजव्या वोक्स पक्षाच्या २४ वरून ५२ झाल्या आणि मतदान सुमारे ७२ टक्क्यांवरून सुमारे ६६ टक्क्यांवर आले. ज्या मध्य-उजव्या सिउदादानोस पक्षाशी हातमिळवणी झाली असती तर एप्रिलमध्येच बहुमत झाले असते, तो ५७ वरून १० जागांवर कोसळला. अवघ्या दोन दिवसांत सांचेझ आणि इग्लेसियस यांनी प्राथमिक करारावर सह्या केल्या. ७ जानेवारी २०२० रोजी १६७ विरुद्ध १६५ अशा दोन मतांच्या फरकाने सरकार बनले, आणि तेही कॅटालोनियातील एका स्वातंत्र्यवादी पक्षाचे १३ सदस्य तटस्थ राहिल्यामुळे. प्रचारात ज्यांच्याशी संबंध नको म्हटले, त्यांच्याच आधाराने सरकार उभे राहिले. मी याला केवळ संधिसाधूपणा म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. पहिल्या निकालाची बेरीज दुसऱ्या वेळीही फारशी बदलणार नाही ही शक्यता नेत्याने गृहीत धरली नाही, हा खरा दोष आहे, आणि त्याची किंमत देशाने सहा महिने मोजली.

ही किंमत कशी मोजली याविषयी तुझ्या टिपणात एक ओळही नाही. स्पेनच्या १९९७ च्या कायद्यानुसार हंगामी सरकारला अर्थसंकल्प किंवा विधेयक संसदेत मांडता येत नाही. परिणामी, आधीच्या राहोय सरकारने तयार केलेला २०१८ चा अर्थसंकल्पच मुदतवाढ देत पुढे चालवावा लागला.

आपल्याकडे असा स्पष्ट कायदा नाही. लोकसभा विसर्जित झाली तरी मंत्रिमंडळ असलेच पाहिजे, एवढे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले. ते मंत्रिमंडळ काय करू शकते, हे मात्र संकेतावर सोडलेले आहे. १९९९ चे उदाहरण त्यासाठी अभ्यास. १७ एप्रिलला अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार एका मताने पडले, पर्यायी सरकार बनले नाही आणि लोकसभा विसर्जित झाली. थोड्याच दिवसांत कारगिलचा संघर्ष सुरू झाला. त्या युद्धाचे निर्णय हंगामी सरकारनेच घ्यायचे होते आणि त्यांत कोणताही संकेत आड येऊ शकत नव्हता. परंतु राज्यसभेचे विशेष अधिवेशन बोलावण्याची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. ती मान्य व्हायला हवी होती, असे मला आजही ठामपणे वाटते. त्याच उन्हाळ्यात दूरसंचार कंपन्यांना ठरावीक परवाना शुल्काऐवजी महसुलातील वाटा देण्याची मुभा याच सरकारने दिली. ते धोरण पुढे उपयुक्त ठरले असे अनेक जण मानतात, आणि त्यात तथ्य आहे. तरी काही महिने थांबून नव्या लोकसभेपुढे ते नेता आले असते. युद्ध थांबू शकत नाही, परवाना शुल्क थांबू शकते, हा भेद तुझ्या प्रबंधिकेत आलाच पाहिजे.

येथे एक सावधगिरी बाळग. १९९९ मध्ये सरकार वर्षभर चालून पडले होते, स्पेनमध्ये पहिल्या निकालानंतर नवे सरकार बनलेच नाही. दोन्ही प्रसंगांना एकच मोजपट्टी लावू नकोस. निकालानंतर सरकारच न बनल्याने पुन्हा मतदान घेण्याची वेळ आपल्या लोकसभेवर आलेली नाही. बिहार विधानसभेवर मात्र २००५ मध्ये ती आली.

नाशिकच्या विद्यार्थ्याने १९७९ कडे दुर्लक्ष करू नये. चीन युद्धानंतर नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेलेले यशवंतराव चव्हाण जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते होते. त्यांनी मांडलेल्या अविश्वास ठरावातून मोरारजी देसाई यांचे सरकार कोसळले आणि चरणसिंग यांच्या सरकारात ते उपपंतप्रधान झाले. ते सरकार लोकसभेला एकदाही सामोरे गेले नाही, ऑगस्टमध्ये राजीनामा देऊन जानेवारी १९८० पर्यंत हंगामी म्हणून राहिले. दुष्काळाचे वर्ष, तेलाची दरवाढ आणि दिल्लीत खासदारांची मोजदाद, अशा स्थितीत कांद्याचा भाव १९८० च्या प्रचारातला मुद्दा बनला आणि इंदिरा गांधी ३५३ जागांनिशी परतल्या. तेव्हा भाव चढला होता, शहरातला ग्राहक रागावला होता. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात नेमके उलट घडले : डिसेंबरपासूनची निर्यातबंदी ४ मे रोजी, म्हणजे नाशिक आणि दिंडोरीच्या मतदानाच्या सोळा दिवस आधी उठली, तरीही दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या उमेदवाराचा पराभव झाला. एकाच कारणाने निकाल लागत नाहीत हे तू जाणतोसच. पण लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत जाऊन शेतकऱ्यांना विचार, की मतदानाच्या तोंडावर घेतलेल्या निर्णयाकडे ते कसे पाहतात. स्पेनच्या मतदाराविषयी लिहिताना त्या उत्तरांचा तुला फार उपयोग होईल.

पहिले प्रकरण लिहायला घेशील तेव्हा जाहीरनामा बाजूला ठेव आणि एवढ्याच प्रश्नापासून आरंभ कर : जुलैमध्ये ४२ जागांच्या पोदेमोसला एक उपपंतप्रधानपद आणि तीन खाती देऊ केली होती, तर जानेवारीत ३५ जागांच्या पोदेमोसला एक उपपंतप्रधानपद आणि चार खाती का द्यावी लागली? त्याचे उत्तर दहा-बारा पानांत मांडून मला पाठव. बाकी प्रकरणांची मांडणी आपण ती पाने समोर ठेवून ठरवू.

तुझा शुभचिंतक