स्टेशन सावर्डे, गाव कुडचडे

प्रश्न असा आला आहे: गोव्यात वास्कोहून कुळ्याकडे जाताना ओळखीच्यांनी ‘कुडचड्याला उतर’ म्हणून सांगितलं, पण गाडीच्या वेळापत्रकात सावर्डे दिसतं आणि इंग्रजी नकाशावर ‘कुर्चोरेम’. ही तीन गावं आहेत का? आणि मराठीत लिहायचं काय?

गावं दोनच. ‘कुर्चोरेम’ म्हणजे कुडचडेच, रोमी, म्हणजे रोमन लिपीतली पाटी अक्षर न् अक्षर वाचल्यामुळे झालेलं. सावर्डे मात्र खरोखर वेगळं, नदीच्या पलीकडचं, सांगे तालुक्यातलं. 1878च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदर ते कॅसल रॉक असा मीटरगेज मार्ग झाला. त्यावरचं हे स्टेशन उभं राहिलं नदीच्या अलीकडे, केपे तालुक्यातल्या कुडचड्यात, आणि नाव लागलं पलीकडच्या सावर्ड्याचं. बाजार अर्थातच स्टेशनच्या अंगाला वाढला. पुढे खाणी आल्या. मग खनिजाचे ट्रक, नदीतल्या बार्जी, गॅरेजं, हॉटेलं, सगळं कुडचड्याभोवती. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात उभे राहिले, ते हाल इथल्या लोकांना वेगळे सांगायला नकोत. पालिकासुद्धा कुडचडे-काकोडा नावाची. ज्या गावाचं नाव स्टेशनला, त्याचा तिथे मागमूस नाही.

म्हणून ‘सावर्ड्याला उतरलो, कुडचड्याच्या बाजारात गेलो’ हे वाक्य बरोबरच आहे. दोहोंपैकी एक चूक मानून दुरुस्त करू नये.

आता त्या रोमी पाटीचं. शेवटी दिसणारा ‘एम’ उच्चारायचा नसतो. पोर्तुगीज लेखनात तो नाकातल्या ‘एं’ची खूण आहे. कोकणीत ही गावं कुडचडें, सांवर्डें, केपें, कुळें अशीच लिहितात. मराठीतही पूर्वी पुणें, ठाणें लिहीत. 1962च्या शुद्धलेखन नियमांनंतर न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि त्याच न्यायाने आपण कुडचडे लिहितो. मधला ‘आर’ म्हणजे आपला ड. मडगावच्या पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये ड कुठे सापडतो का ते शोधून बघा, तिथेही आरच बसलेला आहे. ‘चो’मधला ओ हा कोकणीतला गोलसर ‘अ’. एवढं कळलं की दूधसागराच्या जिपांसाठी ‘कोलेम’ला जायचं म्हणणाऱ्याला कुळ्याचा रस्ता दाखवता येतो.

सामान्यरूपाबद्दल मी जरा हट्टी आहे. पुणे-पुण्याला, तसं कुडचडे-कुडचड्याला, केपे-केप्याला, सांगे-सांग्याला. कोकणीतही ‘कुडचड्याक वतां’च म्हणतात. ‘कुडचडेला’, ‘सांगेला’ हल्ली छापून येतं ते वाचताना खडा लागतो. ‘कुर्चोरेमला’ तर सोडूनच द्या.

तिकीट काढताना एक पाहून घ्या. कोकण रेल्वेवर, चिपळूण तालुक्यातही एक सावर्डे स्टेशन आहे. गोव्यातल्याचा कोड ‘एसव्हीएम’.