व्यवसाय चालवणाऱ्याच्या कोणत्या सवयी यशाला हातभार लावतात आणि कोणत्या आड येतात?

प्रश्नातील ‘आड येणाऱ्या सवयी’ हा भाग मला चांगलाच लागू पडतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत थोरले बंधू आणि मी मिळून एक लहान फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, चालवतो. 2014 साली पंपाच्या बॉडीचे 340 नग आम्ही मुदतीच्या दोन दिवस आधी रवाना केले, याची मला मोठी फुशारकी होती. आठवड्याभरात ग्राहकाच्या मशीन शॉपमधून फोन आला, की पहिला कट घेताच आतले ब्लोहोल, म्हणजे वायूने धातूत झालेली पोकळ भोके, उघडे पडत आहेत. त्यांपैकी 212 नग परत आले आणि त्यांवरील मशिनिंगचा खर्चही डेबिट नोटने आमच्याच माथी बसला.

साच्यांच्या ओलसर वाळूत, म्हणजे ग्रीन सँडमध्ये, ओलावा साधारण तीन ते चार टक्के लागतो. तो वाढला की साच्यात ओतलेल्या रसाने, म्हणजे वितळलेल्या धातूने, पाण्याची वाफ होते आणि तिला वाळूतून वाट मिळाली नाही तर ती धातूत पोकळी करून बसते. आमच्या सर्वांत जुन्या मोल्डरना (साचे करणाऱ्या कारागिरांना) हे त्याच सकाळी समजले होते. ते वाळू मुठीत दाबून गोळा मोडून पाहतात. चांगल्या वाळूवर बोटांचे ठसे स्वच्छ उमटतात, त्या दिवशी मात्र ती तळव्याला चिकटून राहिली होती. “मग मला सांगितलं का नाही?” असे विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, “मागं सांगितलं, तवा सगळ्यांदेखत ‘तुम्ही साचे करा, वाळूचं मी बघतो’ म्हणालासा.” मला ते आठवतही नव्हते.

माझे स्पष्ट मत असे, की वाईट बातमी आणणाऱ्यावर खेकसणारा मालक कितीही कष्टाळू असला तरी आंधळाच असतो. दादांना हे पटत नाही. धाक सुटला की काम सुटते, हे त्यांचे वीस वर्षांचे पालुपद आहे. जपानी संशोधक साकिची टोयोडांच्या 1924 च्या स्वयंचलित मागात धागा तुटताच माग थांबण्याची सोय होती आणि त्याच विचाराने पुढे टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला दोरी ओढून लाइन थांबवण्याची मुभा मिळाली, असे मी सांगितले, तर ते म्हणाले, “ते जपान आहे.” इचलकरंजी आमच्यापासून तासाभरावर आहे, धागा तुटल्यावर माग चालू ठेवला तर कापडाचे काय होते, हे तेथील कोणीही त्यांना सांगेल.

मदत करणाऱ्या सवयींबद्दल थोडक्यात सांगायचे, तर दर देण्यापूर्वी ड्रॉइंग स्वतः वाचावे, उधारीचा पाठपुरावा दुसऱ्यावर सोडू नये आणि स्वतःची चूक पगाराच्या दिवसाआधी कबूल करावी. एक गोष्ट मात्र दादांच्या बाजूने मान्य केली पाहिजे: ओले भंगार भट्टीत गेले तर रस उसळून माणूस भाजतो, त्यामुळे भट्टीपाशी चर्चा नाही, तेथे धाकच हवा.

आता मुलर, म्हणजे वाळू मळणारे यंत्र, थांबवण्याचा अधिकार त्या मोल्डरना आहे. गेल्या वर्षी त्यांनी तो तीनदा थांबवला. त्यांपैकी एकदा वाळू ठीक होती, आणि दादा अजून तेवढी एकच वेळ मोजतात.