जुनी माउंटन बाइक घरीच सांभाळायची आणि अपग्रेड करायची तर सुरुवात कुठून करू? आधी फोर्क बदलू का?

तुम्ही लिहिलंय की हार्डटेल आहे (सस्पेंशन फक्त पुढे), तीन-चार वर्षं जुनी, चढावर जोर लावला की गिअर उडी मारतो, ब्रेक किंचाळतात, फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा शॉकवाला भाग, धड दबत नाही, आणि मित्र म्हणतायत की फोर्क बदल, सगळं सुटेल. माझं मत उलट आहे. अजून काहीही विकत घेऊ नका, आधी दोन सुट्ट्या सायकलला द्या आणि ती मूळची जशी चालायची तशी करून बघा, कारण तुम्ही सांगितलेल्या तीनपैकी दोन गोष्टी तर पार्ट स्वस्त आहे म्हणून होत नाहीयेत, झीज आणि घाण यामुळे होतायत.

चेनपासून सुरुवात करा. ज्याच्यावर इंच आहेत अशी स्टीलची पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि १२ इंचावर बघा, नवीन चेनला तिथे बरोब्बर पिनचाच मध्य येतो. पिन १/१६ इंच पुढे सरकलेली असेल तर चेन साधारण अर्धा टक्का लांबलीय. आपण लांबली म्हणतो पण लोखंड ताणलं जात नाही, आतल्या पिना झिजतात आणि प्रत्येक कडीत थोडी थोडी फट वाढत जाते. ११ किंवा १२ स्पीड (मागे तेवढी दातेरी चक्रं) असेल तर अर्ध्या टक्क्यालाच बदला, ८-९-१० स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत चालवता येते. १/८ इंच गेली असेल तर बहुतेक कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे, दातही त्या चेनच्या मापाने झिजले असणार, मग नुसती नवीन चेन टाकली तर जोर लावल्यावर आणखी घसरेल, दोन्ही सोबतच बदलावं लागेल. चढावर गिअर उडी मारण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, त्यामुळे आधी हे मोजा.

चेन चांगली निघाली तर हँगर बघा. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर, तो मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमचा असतो म्हणजे सायकल पडली तर तो वाकेल पण फ्रेम वाचेल. मी हे न बघता नवीन डिरेलर आणून बसवला होता, अख्खी दुपार स्क्रू फिरवत बसलो, आणि गिअर होते तसेच. मागून बसून पाहिलं तर डिरेलरचा पिंजरा आत झुकलेला, म्हणजे जुना डिरेलर ठणठणीत होता, हँगर वाकडा होता. तेव्हापासून बॅगेत एक जादा हँगर असतोच, तुम्हीही ठेवा, फक्त प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो म्हणून आकार जुळवून घ्या.

त्यानंतर केबल. आतली तार आणि बाहेरचं आवरण दोन्ही बदला, नवीन आवरण कापल्यावर त्याचं तोंड सपाट घासून घ्या, नाहीतर गिअर टाकताना ते दबत राहतं आणि सेटिंग हलतं. चेन मोठ्या दातांच्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल तर डिरेलरजवळचा बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारी गोल नॉब) उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, पाव-पाव फेरा फिरवा. लिमिट स्क्रूला हात लावू नका, ते फक्त चेन दोन्ही टोकांना बाहेर पडू नये म्हणून असतात, मधले गिअर त्यांनी जुळत नाहीत.

तेलाबद्दल एवढंच की गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नाही, तो पातळ असतो, आधीचं वंगण धुऊन काढतो आणि लगेच उडून जातो. चेन धुवा, पूर्ण वाळू द्या, प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकच थेंब, थोडा वेळ मुरू द्या आणि मग बाहेरून फडक्याने अगदी कोरडी पुसा. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. धूळ असेल तिथे ड्राय लूब, चिखलपाण्यात वेट लूब.

आता ब्रेक, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण चूक झाली तर माणूस पडतो. डिस्क ब्रेक किंचाळतात ते बहुतेक वेळा रोटरवर, म्हणजे चाकावरच्या चकतीवर, किंवा पॅडवर तेल लागल्यामुळे. मी एकदा घाईत चेनवर स्प्रे लूब मारला आणि त्याचा फवारा मागच्या रोटरवर गेला, दुसऱ्या दिवशी उतारावर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबला तरी चाक थांबेना. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून साफ होतो, पण तेल प्यालेले पॅड मी पॉलिश पेपरने घासूनही सुधारले नाहीत, शेवटी टाकावेच लागले. म्हणून चेनला कायम थेंबाची बाटली वापरा. नवीन पॅड टाकले की मोकळ्या जागी थोडा वेग घेऊन, चाक लॉक न करता, चालण्याच्या वेगापर्यंत हळू या, असं पंधरा-वीस वेळा, त्याशिवाय ते नीट धरत नाहीत. पॅड एका बाजूला घासत असतील तर कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाचे, दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि दाबलेला असतानाच बोल्ट आवळा. आणि चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात.

ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, असेल तर ऑइल कोणतं ते लिव्हरच्या टाकीच्या झाकणावर वाचा. शिमानोच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट ब्रेक फ्लुइड पण काही नव्यांना मिनरल, त्यामुळे कंपनीच्या नावावरून अंदाज करू नका. चुकीचं ऑइल घातलं तर आतले रबरी सील फुगून ब्रेक बाद होतो.

हत्यारांत अॅलन कीचा सेट, टी२५ टॉर्क्स, चेन कटर, गेज असलेला पंप, आणि जमेल तेव्हा टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा). स्टेमचे, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट साधारण ५-६ न्यूटन मीटरचे असतात, बहुतेक वेळा आकडा त्यावरच छापलेला असतो आणि हाताच्या अंदाजाने आपण त्याच्या कितीतरी पुढे जातो, आटे गेले की स्टेमच गेला. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी पाना हातात आला की गोंधळ होतो, म्हणून असं लक्षात ठेवा की पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पॅडल सुटतात. त्यावेळी चेन पुढच्या मोठ्या चेनरिंगवर (पॅडलजवळचं दातेरी चक्र) ठेवा, पाना निसटला तर दात हातात घुसत नाहीत. बसवताना आट्यांना ग्रीस.

हँडलमध्ये खडखड असेल तर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. ढिलं लागलं तर नुसती वरची टॉप कॅप आवळून उपयोग नाही, आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करायचे, मग टॉप कॅप खेळ जाईपर्यंतच, मग बोल्ट परत. टॉप कॅपचं काम फक्त बेअरिंगवर दाब देण्याचं आहे.

हे सगळं झालं की मग अपग्रेड, आणि ते टायरपासून. जमिनीला तेवढेच टेकलेले असतात त्यामुळे फरक पहिल्याच वळणावर कळतो. रिमला चालत असेल तर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, करा, हवा कमी ठेवता येते, पकड वाढते, ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होण्याचा प्रश्नच उरत नाही, फक्त आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) दोन ते सहा महिन्यांत सुकतं ते लक्षात ठेवून परत भरायचं. नंतर ग्रिप आणि पॅडल. त्यानंतर माझ्या मते ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवतानाच वरखाली होणारी सीटची दांडी, उतारावर सीट खाली गेली की शरीर मोकळं होतं आणि भीती निम्मी होते, पण आधी जुन्या सीटपोस्टवर छापलेला व्यास बघा, २७.२, ३०.९, ३१.६ मिलिमीटर हे नेहमीचे, आणि केबल आतून जायला फ्रेमला भोक आहे का तेही.

पुढे एकच चेनरिंग करायची इच्छा होईलच. ते जुनं कॅसेट झिजेपर्यंत थांबवा, म्हणजे जे फेकायचंच होतं त्याच्या जागी नवीन येतं. मागचा फ्रीहब, म्हणजे हबचा जो भाग कॅसेट धरतो तो, कोणता ते तपासल्याशिवाय कॅसेट मागवू नका, नेहमीच्या एचजी फ्रीहबवर सहसा सगळ्यात लहान चक्र ११ दातांचं बसतं, १० दातांचं हवं असेल तर मायक्रो स्प्लाइन किंवा एक्सडी प्रकारचा फ्रीहब लागतो आणि कधीकधी त्यासाठी अख्खा हबच बदलावा लागतो.

आणि फोर्क सगळ्यात शेवटी. आधी तो एअरचा, म्हणजे आत हवा भरलेला, आहे का बघा. असेल तर फोर्कच्या आत सरकणाऱ्या नळीवर एक झिपटाय हलकी बांधा, सायकलवर हलक्या हाताने बसा, उतरा आणि टाय किती सरकली ते मोजा, १०० मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कला २०-२५ मिलिमीटर सरकायला हवी. कमी सरकत असेल तर शॉक पंपने हवा कमी करा. तरीही अडकत असेल तर फोर्कच्या खालच्या नळ्या काढून सील साफ करून नवीन ऑइल टाकायची सर्व्हिस बाकी आहे, बऱ्याच फोर्कना ती ५० तासांच्या रायडिंगनंतर लागते आणि तीन-चार वर्षांच्या सायकलवर ती एकदाही झालेली नसते. तुमचा फोर्क धड दबत नाही त्याचं कारण बहुधा हेच निघेल.

कॉइलचा (स्प्रिंगचा), फक्त प्रीलोडची नॉब असलेला फोर्क असेल तर मात्र सुधारायला फारसा वाव नाही, प्रीलोडने स्प्रिंग मऊ-कडक होत नाही, फक्त सुरुवातीचा दाब बदलतो. तेव्हा नवीन घ्या, पण ट्रॅव्हल (फोर्क किती दबतो ते अंतर) मूळपेक्षा २० मिलिमीटरपेक्षा जास्त वाढवू नका, तेवढ्यानेच हेडट्यूबचा, म्हणजे हँडलखालच्या फ्रेमच्या मानेचा, कोन साधारण एक अंश मागे झुकतो आणि तिच्यावर ताण वाढतो. तुमच्या फ्रेमची हेडट्यूब वरून खालपर्यंत सारखीच जाड आहे की खाली रुंद होते, आणि पुढचं चाक क्विक रिलीजवर (लिव्हरने सुटणारी बारीक दांडी) आहे की थ्रू अॅक्सलवर (आरपार जाणारी जाड दांडी), हे दोन बघून सांगा, कारण पहिल्यावरून कोणता फोर्क बसेल आणि दुसऱ्यावरून त्याच्याबरोबर पुढचं चाकही बदलावं लागेल का ते ठरेल.